मालीश केंद्र काढायचंय? आरोग्य परवान्याची वाट, पायरी-पायरीनं

‘मालीशचं लायसन कुठं मिळतं?’ असं विचारत पालिकेत गेलात की पहिलं उत्तर बहुतेक एकच मिळतं : ‘असं काही लायसन नसतं, बाई.’ ते उत्तर अगदी खोटंही नाही. महाराष्ट्रात मालीशच्या धंद्यासाठी स्वतंत्र कायदा नाही. आपण ज्याला आरोग्य परवाना म्हणतो तो दोन-तीन कायद्यांच्या बेचक्यात बसतो, आणि कोणत्या खिडकीवर जायचं हे आपण आपल्या कामाचं वर्णन काय करतो त्यावर ठरतं. वर्णन चुकलं की फाइल एका टेबलावरून दुसऱ्यावर फिरत राहते.

मी मराठवाड्यातल्या एका महापालिकेच्या हद्दीत फक्त बायकांसाठी मालीश केंद्र चालवते. हे सगळं करून झाल्यापासून दर आठ-पंधरा दिवसांनी कुणीतरी फोन करून तेच प्रश्न विचारतं. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवते.

आधी एक इशारा. मोबाइलवर ‘हेल्थ लायसन कसं काढायचं’ असे जे व्हिडिओ दिसतात ते बरेचसे मुंबईचे असतात. मुंबईला १८८८ चा वेगळा महापालिका कायदा आहे आणि तिथलं लायसन त्याच्या कलम ३९४ खाली निघतं. आपल्याकडे छत्रपती संभाजीनगर, नांदेड-वाघाळा, लातूर, परभणी आणि जालना या महापालिकांना १९४९ चा महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम लागू आहे. त्यात परवान्याचं कलम ३७६. बीड, धाराशिव, हिंगोली किंवा तालुक्याच्या गावी नगरपरिषद असेल तर १९६५ चा नगरपरिषदांचा कायदा, आणि गाठायचं मुख्याधिकाऱ्यांना. मुंबईचा नमुना छापून नेला तर इथला बाबू तो बघतसुद्धा नाही.

१. काम काय करणार, ते एका ओळीत लिहा

सगळ्यात जास्त वेळ इथं घालवा.

मालीशचे धंद्याच्या दृष्टीनं तीन प्रकार पडतात. पहिला, अंग मोकळं व्हावं, थकवा जावा म्हणून केलेली मालीश. यात रोग बरा करण्याचा दावा नसतो. दुसरा, उपचार म्हणून केलेली : पंचकर्मातलं अभ्यंग-स्वेदन (तेल चोळणं आणि वाफ देणं) किंवा फिजिओथेरपी. तिसरा, बाळ-बाळंतिणीची मालीश, जी आपल्याकडे घरोघरी जाऊन करतात.

पहिल्या प्रकाराला पालिकेचा परवाना आणि शॉप ॲक्ट लागतो. दुसऱ्यात शिरलात की रस्ताच बदलतो. पंचकर्म उपचार म्हणून द्यायचे तर महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनकडे नोंद असलेला वैद्य हवा. रुग्ण मुक्कामी ठेवायचे असतील तर शुश्रूषागृह नोंदणीचा १९४९ चा कायदा लागू होतो. फिजिओथेरपीसाठी त्या विषयाची पदवी आणि परिषदेची नोंदणी लागते. तिसऱ्या प्रकारात जागाच नसल्यामुळे जागेचा परवानाही नसतो. पण त्याच बाईनं गाळा घेऊन बोर्ड लावला की ती पहिल्या प्रकारात येते.

घोळ होतो तो शब्दांत. ‘थेरपी’, ‘क्लिनिक’, ‘उपचार केंद्र’ हे शब्द भारदस्त वाटतात म्हणून लोक बोर्डावर घालतात, आणि अर्जात लिहितात ‘बॉडी मसाज’. मग आरोग्य विभाग विचारतो, डॉक्टर कोण? ‘लकवा, संधिवात, लठ्ठपणा हमखास बरा’ असं लिहिणं तर ओढवून घेतलेलं संकट आहे. १९५४ च्या औषधे व जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याच्या यादीत हे तिन्ही आजार आहेत. तेलाची बाटली पुढं करून असे दावे केले तर थेट गुन्हा दाखल होऊ शकतो.

तर ओळ अशी लिहा : ‘आरामदायी तेल मालीश सेवा (वैद्यकीय उपचार नाही), फक्त महिलांसाठी’, किंवा तुमचं जे असेल ते. ही ओळ वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. भाडेकरार, शॉप ॲक्ट, पालिकेचा अर्ज, बोर्ड, छापील दरपत्रक, सगळीकडे हीच ओळ, अक्षर न बदलता.

२. जागा घेण्याआधी मालकाकडून कागद बघा

भाडं ठरवण्याआधी तीन गोष्टी मागा.

एक, मालमत्ता कराची चालू वर्षाची पावती. मालकाची थकबाकी असेल तर तुमची फाइल तिथंच अडते आणि ती थकबाकी भरायची पाळी तुमच्यावर येते.

दोन, बांधकाम परवानगी आणि वापर. कागदावर निवासी असलेल्या खोलीत धंदा सुरू केला की शेजाऱ्यांच्या एका तक्रारीवर सगळं थांबतं. संभाजीनगरात गुंठेवारीतल्या (गुंठ्या-गुंठ्यानं तुकडे पाडून विकलेल्या) जागा भरपूर आहेत. ती जागा नियमित झाली आहे का आणि नियमितीकरणाच्या कागदावर कोणता वापर लिहिलाय, हे डोळ्यांनी वाचा. ‘होऊन जाईल’ या शब्दावर ॲडव्हान्स देऊ नका. गावठाणात ग्रामपंचायतीची हद्द असेल तर नमुना ८ चा उतारा आणि ग्रामपंचायतीचं ना-हरकत.

तीन, भाडेकरार. नोटरी केलेला बॉण्ड बऱ्याच जणी घेऊन येतात. लिव्ह अँड लायसन्स करार नोंदणीकृतच पाहिजे, असं भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ मध्ये आहे आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. करारात धंद्याचं स्वरूप म्हणून तीच ओळ टाकून घ्या. मालक बिचकतात, ‘मसाज’ म्हटलं की त्यांच्या डोळ्यांसमोर पेपरातल्या छाप्याच्या बातम्या येतात. त्यांना लपवून ‘ब्युटी पार्लर’ म्हणून करार करणाऱ्या आहेत. हे करू नका. पुढं तपासणीला आलेला माणूस करार आणि खोली दोन्ही बघतो.

३. शॉप ॲक्ट आणि बोर्ड

शॉप ॲक्ट म्हणजे महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७. दहापेक्षा कमी कामगार असतील तर नोंदणी नाही, फक्त ऑनलाइन सूचना द्यायची असते. धंदा सुरू केल्यापासून ६० दिवसांच्या आत. दहाची ही मर्यादा वीस करण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळानं २०२५ मध्ये घेतलाय. दोन-चार बायकांच्या केंद्राला दोन्हीकडून सूचनाच पुरते.

यात दुकानाचा बोर्डासकट फोटो चढवावा लागतो, म्हणून बोर्ड आधी करून घ्या. बोर्ड मराठीत, देवनागरीत हवा, आणि शेजारी इंग्रजी असेल तर मराठी अक्षरं त्यापेक्षा लहान चालत नाहीत. २०२२ पासून हा नियम लहान दुकानांनाही लागू आहे. फ्लेक्सवाला इंग्रजी नाव मोठं करून देतो, त्याला आधीच सांगा.

एजंटकडून काढत असाल तर मोबाइल नंबर आणि ईमेल स्वतःचाच टाकायला लावा. एजंट आपला नंबर टाकतो, वर्षभरानं दुरुस्ती करायची वेळ येते आणि ओटीपी त्याच्याकडे. मग दुरुस्तीचे वेगळे पैसे. उद्यम नोंदणीचंही (लहान धंद्यांच्या सरकारी नोंदणीचंही) तेच. ती सरकारी पोर्टलवर पूर्ण मोफत आहे, आधार आणि पॅनवर होते. पैसे मागणारी साइट खोटी समजा.

४. माणसं आणि त्यांचे दाखले

मालीश करणाऱ्या प्रत्येकीचा नोंदणीकृत डॉक्टरचा तंदुरुस्तीचा दाखला काढून ठेवा. आरोग्य विभागाला मुख्यतः त्वचारोग आणि क्षय यांची खात्री हवी असते. सरकारी दवाखान्यातून काढलेला दाखला कुणी नाकारत नाही, पण घाटीत (संभाजीनगरच्या सरकारी रुग्णालयात) किंवा जिल्हा रुग्णालयात यासाठी सकाळी लवकर जा, दुपारी ओपीडी उरकलेली असते.

प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र सगळीकडे मागतात असं नाही. असलं तर फाइलचं वजन वाढतं. ब्युटी अँड वेलनेस सेक्टर स्किल कौन्सिलचे असिस्टंट स्पा थेरपिस्टसारखे अभ्यासक्रम आहेत. आठवड्याभरात फोटोसकट प्रमाणपत्र देणाऱ्या दुकानांपासून दूर राहा. आईकडून, सासूकडून शिकलेल्या बाईचा हात अशा प्रमाणपत्रवालीपेक्षा कितीतरी चांगला असतो, हे माझं मत. पण कागदाला हात कळत नाही, त्यामुळे एक खरा कोर्स करून घ्याच.

सगळ्यांचं वय १८ च्या वर असल्याचा पुरावा फाइलला लावा.

५. फाइल

झेरॉक्सचे दोन संच करा, प्रत्येक पानावर स्वतःची सही. त्यात हे असू द्या :

- अर्जदाराचं आधार, पॅन, दोन फोटो
- नोंदणीकृत भाडेकरार, मालकाचं ना-हरकत पत्र
- मालमत्ता कराची आणि पाणीपट्टीची चालू पावती, वीजबिल
- शॉप ॲक्टची पोच
- जागेचा हातानं काढलेला नकाशा : खोल्या, दारं, खिडक्या, बेसिन, संडास, मापांसकट
- कामगारांची यादी, ओळखपत्रं, तंदुरुस्तीचे दाखले
- आग विझवण्याच्या नळकांड्याचं बिल आणि भरल्याची तारीख
- दरपत्रक
- ‘इथं वैद्यकीय उपचार केले जात नाहीत’ असं स्वघोषणापत्र

शेवटचा कागद कुणी मागत नाही. मी लावते, कारण ‘डॉक्टर कोण’ हा प्रश्न तिथंच मिटतो.

आगीचं पूर्ण ना-हरकत लागेल का, हे इमारतीवर ठरतं. मोठ्या संकुलात गाळा असेल तर अग्निशमन विभागाकडे आधीच विचारा. अशा इमारतींना २००६ च्या कायद्यानुसार दर जानेवारी आणि जुलैत परवानाधारक संस्थेकडून आगीची यंत्रणा चालू असल्याचा ‘ब’ नमुन्यातला दाखला घ्यावा लागतो. तो मालकाकडे किंवा सोसायटीकडे मागा.

६. अर्ज आणि पोच

अर्ज परवाना विभागात द्यायचा, अभिप्राय आरोग्य विभागाचा येतो. काही ठिकाणी ऑनलाइन आहे, काही ठिकाणी अजून आवक-जावकवरच. कुठंही द्या, पण शिक्का आणि क्रमांक असलेली पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. ‘राहू द्या, साहेबांना देतो’ असं म्हणून घेतलेली फाइल कायद्याच्या लेखी दिलेलीच नसते.

पालिकेच्या मंजूर यादीत ‘मालीश’ असा धंदाच नसेल तर? बऱ्याच ठिकाणी नसतो. मग ते जवळच्या धंद्याच्या नावाखाली, म्हणजे केशकर्तनालय, ब्युटी पार्लर, व्यायामशाळा असं काही दाखवतात. हरकत नाही, पण परवान्यावर कंसात तुमची ओळ घालून मागा. आणि ‘तुम्हाला लागतच नाही’ असं सांगितलं तर तेच लेखी मागा. ते पत्र पुढं परवान्याइतकंच उपयोगी पडतं.

७. तपासणी

स्वच्छता निरीक्षक येतात तेव्हा काय बघतात, हे कुणी नीट सांगत नाही.

आधी पाणी. आपल्याकडे नळाला रोज पाणी कुठलं? टाक्या, ड्रम, बॅरल भरून ठेवायचे आणि काही दिवस पुरवायचे. निरीक्षक ड्रमचं झाकण उचलून मोबाइलची बॅटरी आत मारतात. तळाशी वळवळणाऱ्या अळ्या दिसल्या की पुढचं काही बघत नाहीत, कारण डेंग्यूचा डास याच साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. आठवड्यातून एक दिवस ड्रम पूर्ण रिकामा करून काथ्यानं कडा घासा. अंडी कडेला चिकटलेली असतात, नुसतं पाणी बदलून जात नाहीत. झाकण नसेल तर जुनी सुती साडी दोरीनं घट्ट बांधा. टँकर घेत असाल तर पावत्या जपून ठेवा, ‘पाण्याची सोय काय’ याला तेच उत्तर.

मग टॉवेल आणि चादरी. प्रत्येक गिऱ्हाइकाला धुतलेला संच हवा. वापरलेल्यांची झाकणाची बादली वेगळी, धुतलेल्यांचं कपाट वेगळं. नायटा हा या धंद्याचा खरा शत्रू आहे, आणि तो ओलसर टॉवेलवरून पसरतो. बाजारात मिळणारी स्टेरॉइडची मलमं लावून आलेल्या बाईचा नायटा ओळखू येत नाही. कडा पुसट झालेल्या असतात, खाज कमी असते. शंका आली तर त्या भागाला हात लावू नका, डॉक्टरकडे पाठवा. टॉवेल गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालून भिजवा, मग साबण, मग कडक ऊन. ऊन तर आपल्याकडे फुकट आहे. बोअरच्या जड पाण्यानं टॉवेल पत्र्यासारखे होतात, त्यासाठी शेवटच्या पाण्यात थोडं व्हिनेगर घाला.

तेलकट टॉवेलांबद्दल एक गोष्ट फार कमी जणींना माहीत असते. करडईचं, जवसाचं तेल हवेत सुकताना स्वतःच तापतं. असं तेल मुरलेले टॉवेल ड्रायरमधून काढून गरम-गरम ढीग करून ठेवले तर तो ढीग आतून पेटू शकतो. मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत तर हमखास धोका. तेल पूर्ण निघेपर्यंत धुवा, गार होऊ द्या, मग घड्या घाला.

मालीशचा टेबल रेक्झिनचा असतो. दर गिऱ्हाइकानंतर साबणाच्या पाण्यानं पुसायचा. दिवसातून एकदा सोडियम हायपोक्लोराइट : बाजारातलं पाच टक्क्यांचं असेल तर एक लिटर पाण्यात २० मिली. दहा मिनिटं ठेवून साध्या पाण्यानं पुसा, नाहीतर रेक्झिनला भेगा पडतात आणि भेगांत तेल-मळ साचतो. निरीक्षक टेबलाच्या कडेखालून बोट फिरवतात, तिथं चिकट लागलं की बोट तुम्हालाच दाखवतात.

तेलाचं भांडं गिऱ्हाइकागणिक वेगळं. मोठ्या बाटलीत हात घालायचा नाही, आणि वाटीत उरलेलं तेल परत बाटलीत ओतायचं नाही. घरी उकळलेलं औषधी तेल वापरत असाल तर ते विकायला काढू नका. विक्रीसाठी तेल बनवायला अन्न व औषध प्रशासनाचा वेगळा परवाना लागतो. दर्शनी कपाटात बिनलेबलाच्या बाटल्या मांडून ठेवल्या की निरीक्षकांना विषय मिळतो.

वाफेची पेटी असेल तर अर्थिंग तपासून घ्या. कुकरला पाइप जोडून वाफ देण्याची आपली पद्धत आहे, ती केंद्रात नको. गॅस वापरायचाच तर १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडर घ्या. घरगुती लाल सिलिंडर धंद्यात सापडला तर जप्त होतो.

सुया टोचणं किंवा रक्त काढणारं कपिंग करत असाल, तर ते मालीश राहत नाही. जैववैद्यकीय कचऱ्याचे २०१६ चे नियम लागू होतात. नवख्यांनी त्या वाटेला जाऊच नये.

८. पोलिसांचा विषय

याबद्दल कुजबुजत बोलतात, मी सरळ लिहिते. अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायद्याखालच्या कारवायांमुळे मालीश शब्दाला डाग लागलाय, आणि तो खरं काम करणाऱ्या बायकांना भोगावा लागतो. त्यावर उपाय म्हणजे आपणच आधी ठाण्यात जाणं. केंद्र सुरू करताना पोलीस ठाण्यात साधं माहितीपत्र द्या : जागा, वेळ, कामगारांची नावं, परवान्याच्या अर्जाचा क्रमांक. त्याचीही पोच घ्या. कामगारांचा चारित्र्य पडताळणीचा दाखला ऑनलाइन निघतो.

खोलीला आतून कडी नको. गिऱ्हाइकांची नोंदवही ठेवा. कॅमेरा फक्त दारात आणि गल्ल्यावर. मालीशच्या किंवा कपडे बदलण्याच्या खोलीत कॅमेरा लावणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे, ‘सुरक्षेसाठी लावला’ हे कारण चालत नाही. नोंदवहीत तब्येतीचा रकाना ठेवा : गरोदर आहे का, सिझर कधी झालं, ताप आहे का, एकाच पायाला सूज आणि ठणका आहे का. शेवटचं असेल तर मालीश मुळीच नको, शिरेत रक्ताची गुठळी असू शकते आणि चोळल्यानं ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते.

९. परवाना हातात आल्यावर, आणि नाही आला तर

आल्यावर आधी मुदत वाचा. बरेच परवाने आर्थिक वर्षाचे असतात आणि ३१ मार्चला संपतात. जानेवारी-फेब्रुवारीत अर्ज करत असाल तर पुढच्या वर्षाची फी सोबत भरता येते का, ते विचारा. परवान्याची झेरॉक्स चौकटीत घालून दर्शनी भिंतीला लावा, मूळ प्रत घरी.

कराचं थोडक्यात : सेवेची उलाढाल वर्षाला २० लाखांच्या आत असेल तर सर्वसाधारणपणे जीएसटी नोंदणी लागत नाही. त्यापुढं गेलात तर सप्टेंबर २०२५ पासून अशा सेवांवर ५ टक्के, पण खरेदीवरची वजावट नाही. व्यवसाय कराची स्वतःची नोंदणी मात्र विसरू नका, वर्षाला २,५०० रुपये. नोटीस येते तेव्हा लोकांना आठवण होते.

फाइल नुसतीच पडून राहिली तर साहेबांच्या दारात ताटकळू नका. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली अधिसूचित सेवांची यादी, प्रत्येकीची मुदत आणि अपील अधिकाऱ्याचं पद कार्यालयात फलकावर लावणं बंधनकारक आहे. त्या फलकाचा फोटो काढा. मुदत उलटली किंवा अर्ज फेटाळला तर ३० दिवसांत पहिलं अपील करता येतं. अपिलात रडगाणं नको : पोचेचा क्रमांक, तारीख, फलकावरची मुदत आणि ‘अभिप्राय प्रलंबित’ एवढंच. फेटाळला असेल तर कारण लेखी मागा. ‘तोंडी सांगितलं होतं’ यावर अपील उभं राहत नाही.

आणि जागा बदलली, शेजारचा गाळा जोडून घेतला किंवा पंचकर्म सुरू करायचं ठरवलं, तर जुन्या परवान्यावर भागवू नका. वहीच्या पहिल्या पानावरची ओळ बदलली की पायरी दोनपासून पुन्हा सगळे कागद बदलावे लागतात.